भूत दिसलं की भासलं? एका निदानाची पंचवीस वर्षं

प्रकरण थोडक्यात

'हाउंड अँड हॉर्न' या अमेरिकन त्रैमासिकाचा १९३४ चा एप्रिल-जून अंक हेन्री जेम्स यांच्यावरचा विशेषांक होता. त्यात एडमंड विल्सन यांनी जेम्स यांच्या लेखनातल्या संदिग्धतेवर एक दीर्घ लेख लिहिला. लेखात जेम्स यांच्या बऱ्याच कादंबऱ्यांचा हिशेब आहे, पण गाजला तो आरंभीचा भाग. 'द टर्न ऑफ द स्क्रू' या १८९८ च्या लघुकादंबरीतली भुतं खरी नाहीत, ती पाहणाऱ्या तरुण गव्हर्नेसच्या (घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या बाईच्या) दडपलेल्या लैंगिक इच्छेतून उठलेले ते भास आहेत, असं त्यात म्हटलं होतं. हा लेख विल्सन यांनी १९३८ मध्ये सुधारून पुस्तकात घेतला. १९४८ मध्ये त्याला ताजा कलम जोडून निम्मी माघार घेतली आणि १९५९ मध्ये आणखी एक टिपण जोडून ती माघारही मागे घेतली.

प्रकरण अभ्यासात माणसाचं नाव झाकायची रीत असते. इथे ते काम जेम्स यांनीच करून ठेवलंय. प्रस्तावना आणि चोवीस प्रकरणं उलटून गेली तरी गव्हर्नेसला नाव मिळत नाही. समीक्षकांची नावं मात्र छापील आहेत, ती झाकण्यात अर्थ नाही.

पार्श्वभूमी

गोष्ट ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी इतकंच. हॅम्पशरमधल्या एका गरीब धर्मोपदेशकाची सर्वांत धाकटी मुलगी, वय वीस, नोकरीसाठी लंडनला येते. हार्ले स्ट्रीटवरच्या घरात एक देखणा, श्रीमंत, अविवाहित गृहस्थ तिची मुलाखत घेतो. त्याची पोरकी पुतणी फ्लोरा आठ वर्षांची आणि पुतण्या माइल्स दहा वर्षांचा. दोघं एसेक्समधल्या ब्लाय नावाच्या वाड्यात राहतात. अट एकच: काहीही झालं तरी मालकाला त्रास द्यायचा नाही, पत्रसुद्धा लिहायचं नाही. ती हो म्हणते तेव्हा तो क्षणभर तिचा हात हातात धरून आभार मानतो. एवढ्यातच आपल्याला मोबदला मिळाला असं तिला वाटतं. दोघांची भेट दोनदाच होते.

ब्लायला पोचल्यावर तिला आधी एक पुरुष दिसतो, मग एक बाई. तो मालकाचा मेलेला खास नोकर पीटर क्विंट, ती आधीची मेलेली गव्हर्नेस मिस जेसल, असं ठरतं. दोघं मुलांना नासवायला आलेत अशी तिची खात्री होते. शेवटी फ्लोरा आजारी पडून घराबाहेर जाते आणि माइल्स गव्हर्नेसच्या मिठीत प्राण सोडतो.

जेम्स न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले, आयुष्याचा मोठा भाग इंग्लंडमध्ये काढलेले. ही गोष्ट 'कॉलियर्स वीकली' या अमेरिकन साप्ताहिकात २७ जानेवारी ते १६ एप्रिल १८९८ अशी बारा हप्त्यांत आली. विल्सन प्रिन्स्टनचे, वृत्तपत्री समीक्षेत मुरलेले, विद्यापीठाच्या नोकरीबाहेरचे. लेखकाच्या जखमेत त्याच्या ताकदीचं मूळ शोधायचं ही त्यांची पुढे प्रसिद्ध झालेली पद्धत. १९४१ च्या त्यांच्या पुस्तकात त्यासाठी फिलॉक्टेटिसचं ग्रीक रूपक आहे: ज्याच्या जखमेची दुर्गंधी सहन होत नाही, त्याच्याकडेच न चुकणारं धनुष्य असतं.

कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. एड्ना केंटन यांनी १९२४ मध्येच या दिशेने लिहिलं होतं आणि विल्सन त्यांचं नाव घेतात. स्वार्थमोर कॉलेजचे हॅरॉल्ड गोडार्ड यांनी १९२० च्या सुमारास असंच वाचन लिहून ठेवलं होतं, पण ते छापून आलं १९५७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. विल्सन यांनी जोडली ती मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांची शब्दकळा. गाजावाजा आणि मारही त्यांच्याच वाट्याला आला.

अडचण

निदानाला पुरावा लागतो. इथे अख्खी गोष्ट गव्हर्नेसच्याच तोंडून येते. तीसुद्धा थेट नाही. जुन्या फिकट शाईतलं तिचं हस्तलिखित डग्लस नावाच्या माणसाकडे होतं, तो ते मित्रमंडळींना वाचून दाखवतो आणि त्यातला एक श्रोता पुढे त्याची नक्कल आपल्याला देतो. तिच्या शब्दाबाहेरचा साक्षीदार नाही.

म्हणून पहिलं काम कंटाळवाणं, पण टाळता न येणारं: प्रत्येक दर्शनाची नोंद करायची. कुठे झालं, सोबत कोण होतं, दुसऱ्या कोणाला काही दिसलं का. अशी यादी केली की आठ दर्शनं निघतात, चार क्विंटची आणि चार जेसलची. क्विंट मनोऱ्यावर (प्रकरण ३), जेवणघराच्या खिडकीबाहेर (४), जिन्यात (९) आणि शेवटी पुन्हा खिडकीशी (२४). जेसल तळ्यापलीकडे (६), जिन्याच्या पायथ्याशी डोकं हातांत धरून बसलेली (१०), मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत (१५) आणि पुन्हा तळ्यापलीकडे (२०). यांतल्या पाच वेळी गव्हर्नेस एकटीच असते. उरलेल्या तीनपैकी पहिल्या तळ्याच्या प्रसंगी फ्लोराची पाठ असते. दुसऱ्या वेळी फ्लोरा आणि घरकारभारीण मिसेस ग्रोस दोघीही, काही दिसत नाही, असं स्पष्ट सांगतात. शेवटच्या वेळी माइल्स 'कुठे?' असं विचारत राहतो.

इथवर विल्सन यांची बाजू भक्कम आहे. खिळा टोचतो तो पाचव्या प्रकरणात. खिडकीतल्या माणसाचं वर्णन गव्हर्नेस मिसेस ग्रोसला सांगते: डोक्यावर टोपी नाही, लालभडक कुरळे केस, लांबट फिकट चेहरा, केसांइतकेच लाल आणि जरा चमत्कारिक कल्ले, भुवया मात्र गडद, डोळे बारीक आणि रोखलेले, ओठ पातळ, एखाद्या नटासारखा, अंगावर छान कपडे पण स्वतःचे नव्हेत. मिसेस ग्रोस ओळखते: क्विंट! आणि क्विंट मेलाय, हे त्याच संभाषणात कळतं. गव्हर्नेसने त्याला कधी पाहिलेलं नाही, त्याच्याबद्दल कोणी तिला सांगितलेलंही नाही. मग मनाने निर्माण केलेल्या भासाचे कल्ले एका खऱ्या मेलेल्या माणसाशी जुळले कसे?

जेसलची ओळख एवढी अवघड नाही, कारण आधीची गव्हर्नेस तरुण आणि देखणी होती हे तिला दुसऱ्याच प्रकरणात कळलेलं असतं. सगळा भार एकट्या क्विंटच्या वर्णनावर येतो.

समोर असलेले पर्याय

मनोविश्लेषणाच्या वाटेने जाणाऱ्या समीक्षकाला आधी ठरवावं लागतं की मनोविश्लेषक रुग्णाला ज्यावर झोपवून बोलतं करतो त्या कोचावर कोणाला झोपवायचं. तीन जण असतात: पात्र, लेखक आणि वाचक.

पात्राला झोपवलं तर पुरावा कागदावर आहे, तो कोणीही तपासू शकतो. धोका एवढाच की पात्राला बालपण नसतं. लेखकाने दिलं तेवढंच असतं. गव्हर्नेसच्या घराबद्दल चारदोन वाक्यांपलीकडे काही नाही, आणि ती वाक्यं ओढूनताणून एक अख्खं अबोध मन उभं करावं लागतं.

लेखकाला झोपवलं तर सामग्री भरपूर: पत्रं, टिपणवह्या, बहीण ॲलिस जेम्सचं दीर्घ आजारपण, भाऊ विल्यम जेम्स यांचा मानसशास्त्राशी आणि परलोकविद्येच्या संशोधनाशी संबंध. पण मग गोष्ट दुय्यम होते, लक्षण होऊन बसते.

वाचकाचा पर्याय विल्सन यांच्या पिढीला सुचलाच नव्हता. त्याची वेळ १९७७ मध्ये आली.

याशिवाय चौथा, सरळ पर्याय होता: ही भुताची गोष्ट आहे, भुतं खरी आहेत, पुढे चला. १९३४ पूर्वी बहुतेक वाचक तेच करत होते.

काय केलं गेलं

*१९३४: पात्र कोचावर.* विल्सन यांनी बारकाईने पाहिलं. क्विंट पहिल्यांदा दिसतो तो मनोऱ्यावर. जेसल पहिल्यांदा दिसते ती तळ्यापलीकडे. त्याच वेळी फ्लोरा एका चपट्या लाकडाच्या भोकात दुसरं लाकूड डोलकाठीसारखं खुपसून होडी करत असते. मनोरा, पाणी, भोकात काठी: ही लैंगिक प्रतीकं आहेत हे फ्रॉइड वाचलेल्याला वेगळं सांगायला नको. या प्रतीकांवरून विल्सन यांची जितकी टिंगल झाली तितकी कशावरूनच नाही, आणि त्यात थोडं तथ्य आहे. मनोरा आणि तळं हे इंग्लिश वाड्यात असतंच.

त्यांच्या वाचनातली खरी ताकदीची जागा वेगळी आहे. मनोऱ्यावर क्विंट दिसण्याच्या क्षणभर आधी गव्हर्नेस बागेत फिरत असते आणि तिच्या मनात येतं की आत्ता वाटेच्या वळणावर कोणीतरी समोर यावं, हसावं, आपल्या कामाला शाबासकी द्यावी. कोणीतरी म्हणजे कोण, हे ती सांगत नाही, सांगायची गरजही नाही. वर बघते तर माणूस उभा आहे, आणि तो मालक नाही. इच्छा आणि भीती यांच्यात एका वाक्याचंही अंतर नाही.

क्विंटच्या वर्णनाचा खिळा त्यांनी दुसऱ्या प्रकरणातल्या एका संवादाने उपटायचा प्रयत्न केला. आधीची गव्हर्नेसही तरुण आणि सुंदर होती असं कळल्यावर ही म्हणते, त्यांना तरुण देखण्या मुलीच आवडतात वाटतं. मिसेस ग्रोस पटकन होकार देते, तोही भूतकाळात, आणि जीभ चावून सावरते: म्हणजे मालकांबद्दल म्हणतेय मी. विल्सन यांचं म्हणणं असं की इथेच गव्हर्नेसच्या नेणिवेत नोंद झाली: या घरात आणखी एक पुरुष होता. मग तिने मालकाचे कपडे घातलेला, पण मालकापेक्षा हलका असा माणूस कल्पिला. युक्तिवाद देखणा आहे. फक्त यातून लाल कल्ले निघत नाहीत.

एक चूक मात्र टाळता येण्याजोगी होती. जेम्स यांची पत्रं पर्सी लबक यांनी १९२० मध्ये छापली होती. ९ डिसेंबर १८९८ च्या पत्रात जेम्स एच. जी. वेल्स यांना सांगतात की ही पोटासाठी केलेली, गंमतीची गोष्ट आहे, आणि परिणाम एकसंध राहावा म्हणून गव्हर्नेसच्या स्वतःच्या मनातली गुंतागुंत आपल्याला वगळावी लागली. विल्सन यांच्या सिद्धांताच्या तोंडावर मारलेलं हे वाक्य. लेखकाचं स्वतःबद्दलचं म्हणणं शेवटचा शब्द असतं असं नाही, जेम्स यांचं तर नाहीच. पण विरोधी पुरावा म्हणून ते आधी समोर मांडून मग त्याला उत्तर द्यायला हवं होतं.

त्याऐवजी विल्सन यांनी १९०८ च्या न्यूयॉर्क आवृत्तीचा, म्हणजे जेम्स यांनी स्वतः सुधारून खंडांत मांडलेल्या आपल्या लेखनाचा, आधार घेतला. त्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत जेम्स म्हणतात की गव्हर्नेसची नोंद आपण स्वच्छ ठेवली, अर्थात तिने लावलेला अर्थ ही निराळी बाब. शिवाय ही गोष्ट त्यांनी भुतांच्या गोष्टींच्या खंडात न घालता बाराव्या खंडात 'द ॲस्पर्न पेपर्स' आणि 'द लायर' यांच्या शेजारी ठेवली. हा मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे. लेखकाने आपल्या गोष्टी कशा मांडल्या याकडे मनोविश्लेषक समीक्षक क्वचितच बघतात.

*१९४७: दोन्हीकडून मार.* त्या वर्षी तीन गोष्टी झाल्या. सिडनी विद्यापीठाचे ए. जे. ए. वॉल्डॉक यांनी 'मॉडर्न लँग्वेज नोट्स'मध्ये छोटा लेख लिहून सरळ विचारलं: क्विंटचं वर्णन तिने केलं कसं? त्याच नियतकालिकात त्याच वर्षी रॉबर्ट हाइलमन यांनी फ्रॉइडी वाचनाची कलमवार चिरफाड केली. बाहेरच्या चौकटीत डग्लस सांगतो की तिच्या पेशातली इतकी चांगली बाई आपण दुसरी पाहिली नाही. ब्लायनंतरही ती वर्षानुवर्षं गव्हर्नेस म्हणून काम करत राहिली, डग्लसच्या बहिणीला तिनेच शिकवलं. ज्या बाईच्या भासांनी एक मूल दगावलं, ती पुढे सुरळीत नोकरी करते? मिसेस ग्रोसही एकविसाव्या प्रकरणात तिच्या बाजूला येते, कारण तापाच्या भरात फ्लोराच्या तोंडून निघालेले शब्द तिने ऐकलेले असतात.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जड. एफ. ओ. मॅथिसन आणि केनेथ मर्डॉक यांनी जेम्स यांच्या टिपणवह्या छापल्या. १२ जानेवारी १८९५ ची नोंद: कॅन्टरबरीच्या आर्चबिशपनी दोन दिवसांपूर्वी सांगितलेली गोष्ट. आईबाप नसलेली मुलं, दुष्ट नोकर, नोकर मुलांना बिघडवतात, मरतात आणि भुतं होऊन परत येतात. गव्हर्नेसचं मन या नोंदीत कुठेच नाही. आहेत ती भुतं.

*१९४८: कोच बदलला.* इथे विल्सन यांनी जो निर्णय घेतला तो या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा, आणि आमच्या मते सर्वांत वाईट. त्यांनी मान्य केलं की जेम्स यांचा जाणता हेतू साधी भुताची गोष्ट लिहिण्याचाच होता. पण सिद्धांत सोडला नाही. म्हणाले, गव्हर्नेस स्वतःला फसवते आहे आणि जेम्सही तिच्याबाबत स्वतःला फसवत आहेत. जेम्स यांच्या आयुष्यातल्या नाटकांच्या अपयशानंतरच्या काळाकडे त्यांनी बोट दाखवलं. तारखा मोहात पाडणाऱ्या आहेत खऱ्या: ५ जानेवारी १८९५ ला लंडनमध्ये 'गाय डॉमव्हिल'च्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांनी जेम्स यांची हुर्यो उडवली, आणि पाचच दिवसांनी आर्चबिशपची ती गोष्ट कानावर आली.

पण हे करताना काय गमावलं ते पाहा. १९३४ चा सिद्धांत चुकीचा ठरू शकत होता, म्हणूनच त्याला किंमत होती. वर्णनाचा खिळा त्याला टोचत होता. १९४८ नंतर त्याला काहीच टोचू शकत नाही. पुरावा बाजूने असेल तर जेम्स यांनी जाणूनबुजून लिहिलं, विरुद्ध असेल तर नकळत लिहिलं. आतासुद्धा मनोविश्लेषणाच्या वाटेने लिहिलेल्या प्रबंधांत हीच युक्ती सर्रास दिसते: पात्राचं निदान अडलं की तीच फाइल लेखकाच्या नावावर वळती करायची.

*१९५९: परत पहिल्या खोलीत.* १९५७ मध्ये 'अमेरिकन लिटरेचर'मध्ये जॉन सिल्व्हर यांचं चारपाच पानांचं टिपण आलं. त्यांनी वॉल्डॉक यांच्या प्रश्नाचं उत्तर गोष्टीतच शोधलं. पाचव्या प्रकरणात वर्णन सांगण्याआधी मिसेस ग्रोस विचारते, गावातला कोणी असेल का? गव्हर्नेस म्हणते, नाही, कोणी नाही. तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण मी खात्री करून घेतली होती. खात्री करून घेतली म्हणजे चौकशी केली. पहिल्या आणि दुसऱ्या दर्शनात काही दिवस गेले आहेत. तेवढ्यात गावात कोणाकडून तरी मालकाच्या त्या नोकराचं रूप तिच्या कानावर आलं असू शकतं.

विल्सन यांना हे पटलं. त्यांनी लिहिलं की जेम्स यांना आपण काय करतोय हे नीट माहीत होतं आणि गव्हर्नेसला भास होतात हाच त्यांचा हेतू होता.

सिल्व्हर यांचं निरीक्षण अव्वल आहे, जुन्या तालमीतल्या वाचकाचं. पण निष्कर्षाला एक भोक आहे ज्याकडे विल्सन यांनी पाहिलं नाही. तिने गावात लाल केसांच्या माणसाची चौकशी केली असेल तर लोक नावही सांगतील, आणि तो हिवाळ्यात दारूच्या गुत्त्यावरून परतताना घसरून मेला हेही. मग मिसेस ग्रोसने 'क्विंट' म्हटल्यावर गव्हर्नेस जे आश्चर्य दाखवते ते नाटक ठरतं. म्हणजे ती आजारी राहत नाही, लबाड ठरते. खिळा निघाला, पण त्याच्यासोबत निदानही उपटून आलं.

निष्पत्ती

खटल्याचा निकाल कोणाच्याच बाजूने लागला नाही. सिद्धांत म्हणून विल्सन यांचं वाचन आता फारसं कोणी जसंच्या तसं मांडत नाही. पण त्यांच्यानंतर ही गोष्ट निव्वळ भुताची म्हणून वाचणंही कोणाला जमलं नाही. सांगणाऱ्यावर संशय घेणं ही सवय झाली, आणि १९६१ मध्ये वेन बूथ यांनी अविश्वसनीय निवेदक ही संज्ञा रूढ केल्यावर तिला नावही मिळालं. १९७० मध्ये त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी भूत आणि भास यांच्यातल्या न सुटणाऱ्या दोलायमान अवस्थेलाच एका वाङ्मयप्रकाराचं लक्षण ठरवलं आणि ही गोष्ट त्याचा नमुना म्हणून दिली.

१९७७ मध्ये शोशाना फेलमन यांनी कोचावर वाचकाला झोपवलं. त्यांचं म्हणणं तिखट आहे: गव्हर्नेस सगळीकडे अर्थ शोधते, माइल्सला बोलतं करायचंच म्हणून त्याला इतकी आवळते की तो मरतो, आणि तिचं रहस्य उकलायचंच म्हणून हटून बसलेले विल्सन नेमकं तिच्याचसारखं वागतात. जेम्स यांनी १९०८ मध्ये सांगून ठेवलं होतं की ही गोष्ट सहज न फसणाऱ्यांना पकडण्यासाठी लावलेला सापळा आहे.

रंगमंचावर मात्र दोलायमान राहता येत नाही. बेंजामिन ब्रिटन यांनी १९५४ मध्ये या गोष्टीचा ऑपेरा केला तेव्हा क्विंट आणि जेसल यांना गाणी द्यावीच लागली, आणि गाणाऱ्या भुताला भास म्हणणं कठीण.

वेगळं काय करता आलं असतं

प्रतीकांनी सुरुवात करायला नको होती. मनोरा आणि होडी यांनी वाचक हसतो आणि मग पुढचा चांगला मुद्दाही हसण्यावारी जातो. बागेतली इच्छा आधी, दर्शनांची यादी नंतर, आणि होडी जमल्यास तळटीपेत.

वेल्स यांना लिहिलेलं पत्र पहिल्या पानावर हवं होतं.

अनुमान वर्तनावरून काढावं, चिन्हांवरून कमी. गोष्टीच्या प्रकरण ४ मध्येच विल्सन यांच्या उपयोगाची एक जागा आहे जी कुठल्याही प्रतीकापेक्षा बोलकी ठरते. खिडकीबाहेरचा क्विंट नाहीसा झाल्यावर गव्हर्नेस बाहेर धावते आणि नेमकी तो उभा होता तिथे उभी राहून काचेतून आत बघते. इतक्यात मिसेस ग्रोस खोलीत येते, काचेपलीकडचा हा चेहरा बघते आणि पांढरीफटक पडते. या घरात कोणाला घाबरवताना प्रत्यक्ष दिसते ती गव्हर्नेसच. यासाठी फ्रॉइडचीही गरज नाही.

आणि १९४८ मध्ये, टिपणवही हातात आल्यावर, तिसरा निर्णय शक्य होता: बीज भुताचं होतं, पण १८९७ मध्ये जेम्स यांनी ते एका तरुण मुलीच्या तोंडी दिलं, आणि तिथे ते बदललं. नोंद आणि गोष्ट यांत अडीच वर्षांहून जास्त अंतर आहे. बीजावरून झाडाचं निदान करायचं नसतं. एवढं म्हटलं असतं तर जेम्स यांना कोचावर न्यावं लागलं नसतं.

मराठीत आणताना

हे प्रकरण मराठी अनुवादकाच्या टेबलावर वेगळ्याच जागी अडकतं. क्विंटच्या वर्णनाबद्दलचा विल्सन यांचा युक्तिवाद इंग्रजीतल्या एका सर्वनामावर उभा आहे. पुरुष म्हटला की एकच सर्वनाम, मग तो हार्ले स्ट्रीटवरचा मालक असो की त्याचा नोकर. मराठीत मिसेस ग्रोस मालकाला 'ते' म्हणेल आणि क्विंटला 'तो'. दुसऱ्या प्रकरणात तिने 'हो, त्याला आवडायच्याच' म्हटलं की गुपित फुटलं, 'त्यांना' म्हटलं की जीभ चावायचं कारणच उरलं नाही. वाट एकच: सर्वनाम गाळायचं. 'हो ना, आवडायच्याच तशा!' आणि मग सावरून, 'म्हणजे, आवडतात, मालकांना.' घसरण फक्त काळात राहते, मूळात आहे तशीच.

बाहेरच्या चौकटीत बोलणारा 'मी' बाई की पुरुष हे जेम्स सांगत नाहीत. 'मी विचारलं', 'मी ऐकलं' चालेल. 'मी म्हणालो' किंवा 'मी म्हणाले' लिहिलं की प्रश्न मिटला. गव्हर्नेसच्या तोंडी 'मी पाहिला' घालायचं की 'मला दिसला', हाही आठ वेळा करायचा निर्णय आहे, आणि आठही ठिकाणी एकच उत्तर नको.

सर्वांत नाजूक जागा शेवटची. माइल्स ओरडतो, पीटर क्विंट, आणि लगेच कोणाला तरी सैतान म्हणतो. भुताला की गव्हर्नेसला, यावर अख्खा वाद आहे. 'सैताना' म्हटलं तर क्विंट, 'सैतानीण' म्हटलं तर बाई. 'सैतान आहेस तू' यात लिंग येत नाही, म्हणून ते सोयीचं वाटतं. पण मग मागे जावं लागतं, चौदाव्या प्रकरणापर्यंत, जिथे हा दहा वर्षांचा मुलगा चर्चच्या वाटेवर गव्हर्नेसला मोठ्या माणसाच्या थाटात लाडाने हाक मारतो आणि मला शाळेत परत कधी पाठवणार असं विचारतो. तिथे त्याच्या तोंडी 'तुम्ही' घातलं असेल तर चोविसाव्या प्रकरणातलं 'तू' क्विंटलाच जाऊन लागतं. तिथेच 'तू' घातलं असेल, तर दोघंही खिडकीशी उभे राहतात.